थेंबगाडीला लाकूड कोणतं

घरून, ता. ५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक, म्हणजे प्रकृत्या ठीक. कागद जुन्या दिनदर्शिकेचा आहे, मागची बाजू कोरी होती, ती फुकट कशाला घालवायची? उलटवून तारखा वाचत बसू नकोस, पत्र वाच.

तुझे भावोजी निवृत्त झाल्याचं कळवलंच होतं. उभा जन्म गोदामाच्या वजनकाट्यावर गेला. आता घरी काटा नाही, तर सुरुवातीचे काही दिवस माझ्या भाजीच्या पिशव्या हातात तोलून वजन सांगत होते. मग एका मासिकात त्यांनी एका गाडीचं चित्र पाहिलं आणि आमच्या घराची शांतता गेली ती गेलीच.

ही गाडी म्हणजे आपल्या मोटारीमागे जोडायची दोन चाकांची इवलीशी खोली. आकार पाण्याच्या थेंबासारखा, पण आडव्या झोपलेल्या थेंबाचा. पुढे गोल फुगीर, मागे उतरत गेलेला. आत दोन माणसं झोपतील एवढीच जागा, उभं राहायचं नाव नाही. मागचा उतरता भाग म्हणजे एक मोठं झाकण. ते वर उचललं की खाली ओटा. थोडक्यात, मी रस्त्याच्या कडेला डोक्यावर झाकण घेऊन स्वयंपाक करायचा. मी विचारलं, आणि देव कुठे ठेवायचे? यांनी चित्र पुन्हा निरखलं आणि चित्रातल्या माणसांजवळ देव दिसत नाहीत, असं सांगितलं. मी म्हटलं, म्हणूनच ती बिचारी घरदार सोडून हिंडताहेत.

लोखंडी सांगाडा आणि चाकं अंगणात येऊन पडली आहेत. आता प्रश्न लाकडाचा. यांचं म्हणणं, सबंध गाडी सागवानाची. तळ सागवानी, भिंती सागवानी, छपराच्या बरगड्या सागवानी. मला त्यातलं काही कळत नाही, पण आमची मोटार तुला ठाऊक आहे. चढावर ती माझ्या एकटीच्या वजनालाही कुरकुरते.

आता खरं कारण. गाडी झाली की पहिल्या फेरीला मी म्हणेन तिथे न्यायचं कबूल केलंय, फक्त तुझं घर सोडून. आणि मला दुसरं कुठेच जायचं नाही. वास्तुशांतीला तू दिलेल्या सागवानी पलंगाचे पाय यांनी कापले, ते तू पाहिलंस आणि भरल्या ताटावरून उठून गेलास, त्याला आता पाच वर्षं होतील. का कापले ते यांनी मलाही सांगितलं नाही. तू आमचा उंबरा ओलांडत नाहीस, हे तुझ्या वखारीचा रस्ता सोडून लांबून जातात. एकटीने बसने यायला मला कोणी अडवलेलं नाही. पण एकटी आले म्हणजे तुमचं भांडण मी मान्य केलं असं होईल, आणि मी ते केलेलं नाही.

तर लाकडाचं काय ते कळव. वहिनीला आशीर्वाद. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

*

वखार, ता. १२ जानेवारी

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तारखाही वाचल्या. मागच्या वर्षी तुझ्याकडे गवळी किती दिवस आला नाही ते कळलं.

मी हे तुला लिहितोय, दुसऱ्या कुणाला नाही. ज्या माणसाने अस्सल सागवानाला करवत लावली त्याला अक्कल शिकवायची माझी इच्छा नाही. तो पलंग मी स्वतः तासला होता. पायांच्या खालच्या भागावर केलेली वेलबुट्टी तिकडे चुलीत गेली असेल.

पण मोटार तुझी आणि जीवही तुझा, म्हणून सांगतो. सबंध सागवानाची गाडी केलीत तर चढावर ती मोटारीमागून येणार नाही, मोटारच तिच्यामागून उतारावर जाईल. सागवान वाईट नाही, पण सगळीकडे एकच लाकूड घालणं म्हणजे भाजी, भात आणि खिरीत एकच मसाला घालणं. तळाच्या चौकटीला चिखल-पाणी लागतं, स्क्रू घट्ट धरायला हवेत, तिथे थोडं सागवान शोभेल. भिंतींना चांगलं प्लायवूड, कारण थेंबाचा आकार एका अखंड तुकड्यातून कापता येतो. छपराच्या आडव्या बरगड्यांना हलकं, वाळलेलं, सरळ रेषांचं देवदार नाहीतर पाइन. गाठ असलेली पट्टी घेऊ नये. लाकूड मोडतं ते गाठीशी.

हे मी सांगितलं असं म्हणू नकोस. माझं नाव आलं की ते मुद्दाम शिसवाची गाडी करतील.

तुझी वहिनी म्हणते, वन्संना या वयात रस्त्यावर स्वयंपाक करायला लावणाऱ्याला आधी जेवायला वाढू नका. तिचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

*

घरून, ता. २८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि मी धर्मसंकटात पडले. खोटं मी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. यांना म्हटलं, या धंद्यातल्या एका जाणकाराने असं असं सांगितलंय, पण नाव सांगू नका म्हणून बजावलंय. यातला शब्द न् शब्द खरा आहे. यांनी जरा विचार केला आणि स्वतःच ठरवून टाकलं की आमच्या भजनाला येणाऱ्या एका बाईंचे यजमान, जे पूर्वी होड्या बांधत, तेच हे असणार. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी तेव्हा निरांजनात वात घालत होते आणि देवाच्या कामात मी मध्ये बोलत नाही.

तर हे जाणकार यांना फार आवडले. मसाल्याचं उदाहरण तर इतकं पटलं की दोन दिवस मलाच परत ऐकवत होते. मग कुठूनसा जुना तराजू आणला, सागवानाचा आणि पाइनचा एकाच मापाचा तुकडा कापून तोलले आणि सागवानावर आपल्या हस्ताक्षरात लिहिलं, भिंतीसाठी नापास. जन्मभर दुसऱ्यांचा माल तोलला, आता स्वतःचा तोलताना चेहऱ्यावर असं समाधान होतं की मलाही बरं वाटलं.

पण हा माणूस मध्ये थांबेल तर शपथ. हलकं म्हटल्यावर हलक्याचाच ध्यास लागला. गोदामात मालाची खोकी फोडून टाकतात, त्याच्या पातळ फळ्या घेऊन आले. फुकट! खरं सांगते, मलाही मोह झाला. गाठी होत्या, पण रंगाखाली जातील असं आम्हा दोघांचंही मत पडलं. तुझ्या सूचनेची मी आठवण करून दिली, तेव्हा परीक्षा घेऊ असं ठरलं. दोन स्टुलांवर फळी आडवी ठेवली. यांनी खाली बसून पट्टीने वाक मोजायचा आणि मी देवाचं नाव घेऊन वर उभं राहायचं. नाव पुरं व्हायच्या आत मी जमिनीवर होते. फळी बरोबर गाठीशी मोडली. मला काही झालं नाही, कारण मी यांच्यावर पडले. यांनी खालूनच सांगितलं की जाणकार म्हणाले तेच खरं, आणि मग आई गं म्हणाले.

आता विचारणा अशी, की बाजारात सगळेच आपलं प्लायवूड पाण्यात टिकणारं म्हणून विकतात. ओळखायचं कसं? जाणकारांना विचार.

तुझी,
ताई

*

वखार, ता. ६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना इतका हसलो की गिऱ्हाईक घाबरून गेलं. वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं, तिने वन्संना लागलं का असं दोनदा विचारलं आणि भावोजींना लागलं का असं एकदाही नाही.

तराजूचं मात्र मनापासून आवडलं. एकाच मापाचे तुकडे तोलून बघणारं गिऱ्हाईक माझ्याकडे इतक्या वर्षांत आलेलं नाही. हे त्यांना सांगू नकोस.

प्लायवूड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचा थर. सगळी करामत त्यांना धरणाऱ्या गोंदाची. नुसतं पाण्यात बुडवून काही कळत नाही. तुकडा चांगला उकळायचा, वाळवायचा, पुन्हा उकळायचा. पापुद्रे सुटले की समजायचं, विकणारा खोटं बोलला. बाजारातला एक तुकडा आण. माझ्याकडचा एक सोबत पाठवतोय, मागे खूण केली आहे. तो वाटल्यास अखंड धगीवर ठेव. पाणी आटेल, सरपण संपेल, पण माझ्या वखारीतला माल उकलायचा नाही. वडिलांच्या वेळेपासूनचं नाव आहे.

तुझा,
धाकटा

*

घरून, ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र बसून वाच.

आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यात दोन्ही तुकडे सोडले. नाहीतरी पाणी तापवायचंच असतं, वेगळं सरपण कशाला? हे त्या दिवशी तपकिरी पाण्याने न्हाले आणि दिवसभर अंगाला सुताराचा वास येत होता. बाजारातल्या तुकड्याची पहिल्याच उकळीला पानं सुटली, पोथी उघडल्यासारखी. तुझा तुकडा तसाच ताठ. मी मनात म्हटलं, बघा माझ्या भावाचा माल. मग वाळवून पुन्हा उकळला, आणि काय सांगू, तुझ्याही तुकड्याचा एक कोपरा उकलला. फार नाही, नखाएवढा. मला झाकून ठेवावंसं वाटलं, पण काट्यावरच्या माणसापासून नखाएवढंही लपत नाही.

मला वाटलं आता जाणकारांचं काही खरं नाही. पण हे रागावले नाहीत. म्हणाले, या माणसाला आपल्या मालाचा अभिमान असणार, बाजाराने त्यालाच फसवलेलं दिसतं, त्याला वाईट वाटेल, जरा जपून कळव. इतक्या हळू आवाजात यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग टेबलाशी बसून स्वतःच जाणकारांना पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि पोचवायला माझ्याकडे दिलं. वर नाव नाही, नुसतं जाणकार यांस, एवढंच. दुसऱ्याचं पत्र मी फोडत नाही. जसंच्या तसं सोबत ठेवलं आहे. फोडायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तुझी,
ताई

*

ता. १८ फेब्रुवारी

रा. रा. जाणकार यांस,
स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष ओळख नाही, पण आपल्या सल्ल्याने माझे बरेच वजन वाचले आहे. प्लायवूडच्या तुकड्याविषयी मंडळी कळवतीलच. आपण मनाला लावून घेऊ नये. चाळीस वर्षे काट्यावर उभा राहून मला एवढे कळले, की खरा व्यापारी काटा आपल्या बाजूने झुकला तरी आधी काटाच तपासतो. आपण तसेच असाल.

एक शंका. मागच्या झाकणाला वळणदार बरगड्या लागतात. त्या जाड फळीतून वळणावर कापून काढाव्यात, की पातळ पट्ट्या वाकवून चिकटवाव्यात? कापून पाहिल्या, तर हातात धरताच टोके तुटतात.

खरे तर हे मी माझ्या मेहुण्याला विचारायचे. त्याची वखार आहे आणि त्याच्याइतका लाकडातला माणूस मी पाहिला नाही. आपण परके आहात म्हणून लिहितो. त्याने बहिणीला एक पलंग दिला होता. देखणा, पण उंच. आमच्या मंडळींचे गुडघे तेव्हाच धरू लागले होते. पहाटे देवपूजेला उतरताना पाय जमिनीला टेकत नसे, काठावर बसून चाचपडत असे. भावाची भेट म्हणून ती मेली तरी बोलली नसती. मी पाय कापले. मेहुण्याने पाहिले तेव्हा कुणी कापले असे विचारले, मी म्हणालो मी कापले. का कापले असे त्याने विचारले नाही, आणि न विचारता सांगायची मला सवय नाही. कापलेले पाय मी जपून ठेवले आहेत. वेलबुट्टी फार सुरेख आहे.

असो. झाकणाचे तेवढे कळवावे. ओळख नसतानाही स्नेह धरलात, तो सोडू नये.

आपला,
गाडीवाला

*

वखार, ता. २७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

प्लायवूडचा अख्खा गठ्ठा वखारीबाहेर काढला आणि ज्याने दिला त्याच्या दारात नेऊन टाकला. नवीन आणलंय, आधी स्वतः उकळलंय. वहिनीची दोन पातेली कामातून गेली, ती तुझ्या नावाने बोटं मोडते आहे.

पाकीट फोडलं. आत काय होतं ते विचारू नकोस, दुसऱ्याचं पत्र आहे. तुझे गुडघे कसे आहेत ते मात्र खरं खरं कळव. तू कधीच काही कळवत नाहीस, असं ध्यानात आलंय.

जाणकारांचं उत्तर असं. जाड फळीतून वळण कापलं की टोकाशी लाकडाच्या रेषा आडव्या येतात, म्हणून तिथे तुटतं. देवदाराच्या पातळ पट्ट्यांना गोंद लावून, साच्यावर वाकवून, शिकंज्यांनी आवळून ठेवायच्या. रेषा वळणाबरोबर वळतात, मग ती बरगडी माझ्याच्याने मोडायची नाही. पण हे एकट्याचं काम नव्हे. एकाने ओढायचं, एकाने आवळायचं, आणि गोंद वाळायच्या आत सगळं उरकायचं. तू मध्ये पडू नकोस, स्टुलावरून पडलीस तेवढं पुरे.

येत्या रविवारी मी पट्ट्या आणि शिकंजे घेऊन येतोय. झाकणापुरता. बोलणार नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर तुझ्यामार्फत सांगेन.

तुझा,
धाकटा

*

घरून, ता. ८ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे यजमान इथे पोचले, सुखरूप आहेत, जेवताहेत. लगेच परतायचे होते ते इतक्यात परतणार नाहीत, म्हणून हे पत्र. पातेल्यांचं मी विसरलेली नाही.

रविवारी सकाळी धाकटा खांद्यावर पट्ट्या आणि पिशवीभर शिकंजे घेऊन दारात उभा. यांनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि आत येऊन मला विचारलं, जाणकार आणि तुझा भाऊ ही दोन माणसं आहेत की एक? मी म्हटलं, दोन आहेत असं मी कधी म्हणाले का? यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पत्रात काय लिहिलं होतं ते आठवत असावेत, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग मला म्हणाले, तुझ्या भावाला चहा दे.

आणि सुरू झालं. अंगणात साच्याच्या या टोकाला हे, त्या टोकाला तो, मध्ये मी. धाकटा मला सांगे, भावोजींना म्हणावं गोंद सारखा लावा. हे मला सांगत, त्याला म्हणावं गोंद मला समजतो. दोघांमध्ये हातभर अंतर, दोघांचे कान शाबूत, आणि मी टपालवाल्यासारखी मान वळवतेय. पहिल्या पट्टीला बरं चाललं. दुसऱ्या पट्टीला निरोप वाढले. तिसरी पट्टी वाकायला लागली, तिने मध्येच उसळी मारली, आणि दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे तोंड करून निरोप दिले. कुणाचा कुणाला पोचवायचा तेच मला कळेना. गोंद तर हळूहळू आळत चालला होता.

वहिनी, पाच वर्षं मी यांचे निरोप त्याला आणि त्याचे यांना नेले. त्या क्षणी मला वाटलं, आता पुरे. म्हटलं, माझी जपाची वेळ झाली. खोटं नव्हे, जपाला वेळकाळ नसते. आत गेले, देवासमोर बसले आणि दार लोटून घेतलं. बाहेरून आधी हे ओरडले, मग तो ओरडला, ताई, अगं ताई! मी माळ ओढत राहिले. मणी पुढे जात होते, पण नाम कुठलं, सगळं लक्ष कानात. देवाची क्षमा मागून टाकली.

मग क्षणभर काहीच आवाज आला नाही. वाटलं, गेली बरगडी, गेली गाडी, धाकटा आता पिशवी उचलून निघाला.  आणि तेवढ्यात यांचा आवाज आला. माझ्या नावाने नाही, त्याच्या नावाने. त्याला म्हणाले, अरे बघतोस काय, आवळ! आणि त्याने तितक्याच जोरात सुनावलं की भावोजी, आधी तुम्ही ओढा, उभे काय राहिलात नवरदेवासारखे! मग ओढ, दाब, सोडू नका, बोट काढा, बोट काढ म्हणतो ना, असा काही गदारोळ उठला की शेजारीण भिंतीवरून डोकावली. मी माळ बाजूला ठेवली आणि तिथेच बसून पदराने डोळे पुसले.

बाहेर आले तेव्हा दोघांचेही केस गोंदाने ताठ उभे होते. बरगडी साच्यावर आवळलेली. दोघं पायरीवर शेजारी शेजारी बसून, माझ्याकडे न बघता, देवदार आणि पाइन यांत गंध कुणाचा चांगला यावर बोलत होते. पलंगाचा विषय कुणीच काढला नाही. पण जेवायच्या आधी धाकटा आत गेला आणि त्या बुटक्या पलंगावर बसून त्याने पाय जमिनीला टेकवून पाहिले. मग मला बसायला लावलं, माझेही बघितले.  जेवायला बसला तो पोटभर जेवूनच उठला.

आता तक्रार ऐक. सोमवारी शिकंजे काढले, तर बरगडी बोटभर वाकडी. झाकण एका बाजूला बसतं, दुसऱ्या बाजूला मांजर जाईल एवढी फट राहते. हे म्हणतात त्याने जास्त आवळलं, तो म्हणतो यांनी कमी ओढलं. सोमवारपासून घरात हेच चालू आहे. अंघोळीला जाताना भांडतात, ताटावर भांडतात, दिवा मालवल्यावर एक या खोलीतून आणि एक त्या खोलीतून भांडतो. समोरासमोर, तोंडावर. मला कुणी मध्ये घेत नाही. मी सुखाने वाती वळतेय.

शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालंय. हे वाकडेपण इथे निघायचं नाही, त्याला तुमच्या वखारीतलं रंध्याचं यंत्रच लागेल. म्हणजे गाडी, झाकण दोरीने बांधून, तशीच मोटारीला जोडून तुमच्याकडे आणावी लागणार. धाकटा वाट दाखवायला मोटारीत बसणार आहे. मी यांना आठवण करून दिली की पहिली फेरी मी म्हणेन तिथे, तुमचं घर सोडून, असं ठरलं होतं. तर मला म्हणतात, ही फेरी नव्हे, ही दुरुस्ती आहे.

असेना का दुरुस्ती. भिंती पक्क्या झाल्या की निघतो. वखारीच्या अंगणात गाडीपुरती जागा कर, आणि घरात माझ्यापुरती. त्या थेंबात मी एक रात्र झोपेन, यांचं मन राखायला. पुढच्या सगळ्या रात्री तुझ्याजवळ. आणि वहिनी, ते यंत्र जरा हळूहळू चालतं ना? तसं चालत नसेल तर काहीतरी कर.

तुझ्या घरी पोचेपर्यंत आठवण ताजी ठेव.

तुझी,
वन्सं